सुलटी बाजू रस्त्याकडे

१२ जानेवारी

अक्षर वाकडंतिकडं येतंय, कारण हात थरथरतोय. पूर्ण इमारत! एक खिडकी नाही, एक घर नाही, आख्ख्या इमारतीचे पडदे! आणि शिवणार कोण? आम्ही! दोन मशीन, एक कात्री, एक नणंद आणि एक भावजय.

मी काही डायरी लिहिणाऱ्यांतली नाही. शाळेत निबंध म्हटला की माझ्या पोटात दुखायचं. पण आज वाटलं, हे लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर उद्या मोठं झाल्यावर सुरुवात कशी झाली ते कुणाला सांगणार? लेक म्हणाली, "आई, तू बेचाळीस वर्षांची आहेस. अजून किती मोठी होणार?" घरात तिला आम्ही वकील म्हणतो ते उगाच नाही.

झालं असं की सकाळी दुकानासमोर एक लांबलचक गाडी थांबली. आमचं दुकान म्हणजे औषधाच्या दुकानामागची एक खोली. तिथे गाडी थांबलीच तर पत्ता विचारायला. पण त्यातून टाय लावलेला एक माणूस उतरला, सरळ आत आला आणि म्हणाला, "नव्या टॉवरचे पडदे तुमच्याकडून करून घ्यायचे आहेत." माझ्या हातातला चहा कापडावर सांडता सांडता राहिला. ताईंनी मानसुद्धा वर केली नाही. चालू असलेली टीप पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग विचारलं, "माप कोण देणार?"

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात, दुकानाजवळच्या स्वतःच्या दोन खोल्यांत. कापड दोनदा मोजल्याशिवाय त्या कात्री लावत नाहीत. मी एकदाही न मोजता लावते. म्हणूनच आमची भागीदारी टिकली असं हे म्हणतात.

बॅटऱ्यांचा कारखाना येणार हे जाहीर झाल्यापासून गाव नुसतं उसळतंय. जो तो जमिनीचे भाव सांगतो. परवा हे अर्धीच दाढी करून घरी आले, कारण न्हाव्याला मध्येच एका प्लॉटसाठी फोन आला आणि तो हात पुसून निघून गेला! सगळ्यांचं काही ना काही झालं, आमचंच काही होत नव्हतं. झालं आता!

१५ जानेवारी

माप घेऊन आलो. पाय मोडले. लिफ्ट फक्त चौथ्या मजल्यापर्यंत जाते, कारण तिथे नमुन्याचं घर सजवून ठेवलंय. त्याच्या वर पायी. ताईंचा गुडघा बोलायला लागला, पण त्यांनी प्रत्येक खिडकी दोनदा मोजली. सगळ्या खिडक्या एका मापाच्या आहेत हो, म्हटलं, तरी दोनदा.

टायवाला म्हणाला, "फक्त रस्त्याकडच्या बाजूच्या करा. मागच्या नकोत."

"मागच्या खोल्यांत काय माणसं राहत नाहीत?" ताईंनी विचारलं.

"मागे मोकळं मैदान आहे ना, आजी. तिथून कोण बघणार?"

आजी! ताईंना आजी! मी हसू दाबायला तोंडात टेप धरली. ताई म्हणाल्या, "पडदा ऊन अडवायला असतो," पण तो फोनवर बोलत पुढे गेला होता.

हात धुवायला नळ सोडला तर कोरडा. भिंतींना आतून रंगही नाही. नवीन इमारत, चालायचंच. आपल्या आवडीचा रंग लोक नंतर देतील.

१९ जानेवारी

आज ताई आणि मी भांडलो. म्हणजे मी भांडले, ताई टीप मारत राहिल्या.

कापडाचे तागे आले. काय कापड आहे! गर्द निळ्यावर सोनेरी पानं. त्याच्यासोबत निरोप आला की अस्तर आतल्या बाजूला घ्यायचं आणि पानांची बाजू काचेकडे ठेवायची. म्हणजे सुलटी बाजू रस्त्याकडे.

आजवर जितके पडदे शिवले त्यांची सुलटी बाजू घरात. घरातल्या माणसाने बघायची. अस्तर काचेकडे, कारण उन्हाचा मार त्याने खायचा. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे.

"निरोप देणाऱ्याने उलटं सांगितलंय. विचारून ये," ताई म्हणाल्या.

विचारलं. उलटं नव्हतं, तेच हवं होतं.

"मग घरातल्याने काय बघायचं? अस्तर?" ताई म्हणाल्या. "आणि दोन महिन्यांत रंग उडेल तो वेगळाच."

"ताई, नवीन फॅशन असेल! मोठ्या लोकांचं मन मोठं असतं. स्वतः बघायचं सोडून ते रस्त्यावरच्यांना दाखवतात."

"असं मन मी पाहिलेलं नाही."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते!" मी म्हटलं ते जरा जोरातच निघालं. औषधवाला पुढच्या दुकानातून डोकावून गेला. पण पानं बाहेर ठेवूनच कापायला घेतलं.

२ फेब्रुवारी

लिहायला वेळ नाही. मशीन गरम होऊन थांबतं तेवढीच आमची सुट्टी. स्वप्नातही चुण्या घालत होते. मजा येतेय!

२७ फेब्रुवारी

सगळे पडदे लागले! रॉडवर कड्या सरकवून सरकवून अंगठ्याचं साल गेलं.

आमच्या मागोमाग वायरमन होता. प्रत्येक पडद्याच्या मागे, खोलीच्या मधोमध, एक एक बल्ब टांगत होता. सगळ्या बल्बांचं बटण एकच, खाली वॉचमनच्या खोलीत. "म्हणजे लोकांनी घरी यायच्या आधीच घरात उजेड?" मी विचारलं. वायरमन माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "हो वहिनी, तसंच काहीसं." पैसा असला की माणसाला किती सुचतं! आमच्याकडे हे रात्रपाळी करून आले की जिन्यात चाचपडत येतात.

५ मार्च

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

टायवाल्याने सांगितलं होतं, संध्याकाळी सात वाजता समोरच्या रस्त्यावर या. मी ह्यांना ओढून नेलं, वकील आली, ताईही आल्या, कुरकुरत. बघतो तर अर्धं गाव तिथे! अंधार पडत होता. आणि एकदम, एका क्षणात, सगळ्या खिडक्या उजळल्या. वरपासून खालपर्यंत निळं आणि सोनेरी. मागून उजेड आला आणि पान न् पान दिसायला लागलं. लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला ना, "आहा," तो सगळ्यांचा मिळून एकच.

शेजारी एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, सगळी भरली. तुम्ही विचार करत बसा."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, हे आम्ही केलंय! सांगितलंच. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं, तर ह्यांनी माझा हात दाबला. ताई एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. मला वाटलं, गुडघा दुखतोय. बघितलं तर डोळे भरले होते.

"आपण शिवलंय हे," त्या म्हणाल्या. एवढंच. पण ताईंच्या तोंडून!

६ मार्च

टॉवरच्या ऑफिसबाहेर रांग. आमचा औषधवालाही रांगेत. मला म्हणाला, "तुमचे पडदे बघितले आणि ठरवलं." मी दिवसभर जमिनीवर नाही.

११ मार्च

टायवाल्याने बिलाचं बोलणं काढलं. थोडे पैसे रोख देतो म्हणाला, आणि बाकीच्यात भर घातली तर चौथ्या मजल्यावर एक घर! रस्त्याकडचं! बाहेरच्यांना हा भाव नाही, फक्त आपल्या माणसांना.

बिल आमचं दोघींचं, पण आम्हाला राहायला घर आहे. माझ्या डोक्यात लगेच आलं, ताई! त्यांच्या दोन खोल्यांना आज जो भाव मिळतोय तो उद्या मिळेल का? दलाल रोज दार वाजवतो. त्या खोल्या विकायच्या, त्यात बिल घालायचं, की ताई लिफ्टच्या घरात. गुडघ्याची कटकट नाही, छत गळायची कटकट नाही. माझा वाटा राहू दे तिथे, नंतर बघू.

ताई म्हणाल्या, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी."

"मेंढी कोण?"

"आरशात बघ."

ह्यांना विचारलं. हे बस चालवतात, त्यामुळे ह्यांचा सल्ला नेहमी एकच असतो: गाडी थांबल्याशिवाय उतरू नये. पण गाव सगळं पळतंय, आणि आम्ही काय स्टॉपवर उभं राहायचं?

१८ मार्च

आज मुद्दाम टॉवरवरून आले. एक गोष्ट खटकली. एकाही गॅलरीत कपडे वाळत नव्हते. एक टॉवेलसुद्धा नाही. घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. मग लक्षात आलं, अशा लोकांकडे कपडे वाळवायचं मशीन असतं! स्वतःवरच हसले. ताईंच्या संगतीने मीही संशयी व्हायला लागलेय.

ताईंना आज पुन्हा म्हटलं. रोज म्हणते. चहा देताना, बॉबिन भरताना, दुकान बंद करताना. पाण्याने दगडही झिजतो.

२४ मार्च

ताई हो म्हणाल्या!!!

काल संध्याकाळी त्या एकट्याच कुठेतरी जाऊन आल्या होत्या. आज दुकान उघडताना म्हणाल्या, "बोलव तुझ्या टायवाल्याला." मी त्यांना मिठीच मारली. त्यांना मिठी मारणं म्हणजे इस्त्रीच्या टेबलाला मारल्यासारखं, पण आज त्यांनीही माझ्या पाठीवर हात ठेवला.

सही करताना त्यांनी कागद दोनदा वाचला. मग पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं. मी जोरजोराने मान हलवली. सही झाली.

९ एप्रिल

ताईंच्या खोल्या पाडल्या. घेणाऱ्याला जागाच हवी होती, भिंती नको होत्या. आम्ही दोघी बघायला गेलो. मला वाटलं होतं वेळ लागेल. सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या वेळेला तिथे आकाश होतं. ताई म्हणाल्या, "चल, काम पडलंय."

घराची किल्ली मिळेपर्यंत ताई आमच्याकडे. वकील आणि आत्या एका खोलीत. दोघी माझ्यावर हसतात ते मला भिंतीतून ऐकू येतं. बरं वाटतं.

६ जून

ताई म्हणाल्या होत्या तसंच झालं. रंग उडाला. आज रस्त्यावरून बघितलं तर निळ्याचा राखाडी झालाय आणि सोनेरी पानं वाळल्यासारखी दिसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या नावाचं काय? तडक टायवाल्याकडे गेले, म्हटलं, आम्ही बदलून देतो, पण रहिवाशांनी किती तक्रारी केल्या ते सांगा.

तो म्हणाला, "एकही नाही."

"एकही नाही?"

"एकाही माणसाची तक्रार नाही."

एवढी घरं आणि एक तक्रार नाही! आजवर एका घराचे पडदे शिवले तरी बाई तीनदा परत येते, आखूड झाला, लांब झाला, चुणी कमी पडली. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, "किल्ली कधी देणार म्हणाला?"

ते विचारायचंच राहिलं.

१४ जुलै

हॉल घेतला! सहा मशीन! चार बायका कामाला! दुसऱ्या टॉवरचे पडदे लागलेत, तिसऱ्याचं कापड येतंय. हॉलच्या दारावर पाटी लावली. किल्लीचं मी दर आठवड्याला विचारते. लिफ्टच्या परवान्याचं काम अडलंय म्हणे. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, आणि मी बसलेय लिफ्ट मोजत! ताई मात्र या हॉलमध्येही जुन्याच मशीनवर बसतात.

२१ ऑगस्ट

कारखाना येणार नाही.

बातमी दुपारी आली. कुठल्यातरी दुसऱ्या गावाने त्यांना फुकट जमीन दिली म्हणे. हॉलमधल्या बायका विचारायला लागल्या, काम थांबवायचं का? मी म्हटलं, छे, कारखाना गेला म्हणून घरं थोडीच गेली. माणसं तर राहायला आलीच आहेत.

संध्याकाळी सगळा रस्ता फोनवर बोलत होता.

२६ ऑगस्ट

सात वाजले आणि टॉवर काळाच. वीजबिल थकलंय. टायवाल्याचा फोन बंद. ऑफिसला कुलूप. बाहेर तीच माणसं उभी, जी मार्चमध्ये रांगेत होती. औषधवाला माझ्याकडे न बघता पलीकडच्या फुटपाथवरून गेला.

मला अजून वाटतंय की एखाद्या आठवड्यात सगळं सुरळीत होईल. वाटलंच पाहिजे. ताई पुढच्या खोलीत बसून आहेत.

२७ ऑगस्ट

आज वॉचमनच्या हातापाया पडून वर गेले. पगार मिळाला नव्हता, म्हणून त्यानेही अडवलं नाही. मी त्या इमारतीत कितीदा गेले असेन, पण दर वेळी खांद्यावर कापड आणि डोळ्यांसमोर रॉड. आज हात रिकामे होते.

पाचवा मजला. दार ढकललं, उघडलं. पडदा, बल्ब, धूळ. धुळीवर पावलं होती. माझी. फेब्रुवारीतली, रॉडखाली उभी राहिले होते तिथली. बल्बखाली वायरमनची. त्यानंतरचं एकही पाऊल नाही. सहावा मजला. तेच. सातवा. तेच. दारामागून दार उघडत गेले. कुणीच नाही. कधीच कुणी नव्हतं. ज्या घरात कुणी राहत नाही त्या घराचा पडदा रस्त्यासाठीच असणार ना! वायरमनला माहीत होतं. तो मला सांगतही होता जवळजवळ.

गावाने माझे पडदे बघितले आणि घरं घेतली. मी शिवलेले पडदे. आणि सहीच्या वेळी ताईंची मान माझ्याकडे वळली तेव्हा मी मान हलवली. ही मान कापून टाकावीशी वाटतेय.

३ सप्टेंबर

हॉल सोडला. चार मशीन विकली, अर्ध्या भावात, आणि त्या बायकांचे पगार दिले. बिल तर टॉवरमध्येच गेलंय. आम्ही पुन्हा औषधाच्या दुकानामागे.

औषधवाला आज बोलला. "वहिनी, तुम्ही आत जाऊन आला होतात. तुम्ही बघितलं होतंत." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणू? मी बघितलं होतं. मापं बघितली होती.

१९ सप्टेंबर

ताई एक शब्द बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, दोरा दे, कात्री दे, मीठ कमी झालंय. पण त्याबद्दल नाही. मी वाट बघतेय की त्या ओरडतील. भांडं आपटतील. काही नाही. आल्यागेल्याला हे सांगतात, ताई आमच्याकडेच राहणार आता, आणि ताई मान खाली घालून टीप मारतात. आयुष्यभर स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावणारी बाई आज भाचीच्या पलंगाखाली कपड्यांची पेटी ठेवते. मी केलंय हे. काल मला हुंदका आला तर वकील म्हणाली, "आई, रडू नकोस, आत्याला ऐकू जाईल." तर मी नळ सोडून रडले.

२२ ऑक्टोबर

सरकारी साहेब येऊन गेले. ज्यांच्याकडे पावत्या आहेत त्यांनी हवं तर आपापल्या घरात राहावं, स्वतःच्या जबाबदारीवर. वीज महिन्याभरात जोडून देतील. लिफ्ट नाही. पाणी खालच्या टाकीत येईल, वर चढणार नाही.

लोक म्हणाले, ही काय थट्टा आहे! औषधवाला कागद फेकून निघून गेला. मीही तावातावाने बोलत होते. ताईंनी पिशवीतून पावती काढली आणि साहेबांना विचारलं, "सही कुठे करू?"

घरी आल्यावर हे प्रथमच ताईंवर चिडले. "ताई, तुझा गुडघा! चार मजले! लोक मला काय म्हणतील, बहिणीला घरात ठेवता आलं नाही?"

"तुझ्या घरात मला काही कमी नाही," ताई म्हणाल्या. "पण ते तुझं आहे."



८ नोव्हेंबर

ताईंना घरी सोडून आले. त्यांच्या घरी! आज लिहिताना परत हात थरथरतोय, पण तो मशीन उचलून.

काय दिवस गेला! ह्यांनी बसच्या डेपोतून दोन मित्र आणले, त्यांनी पलंग आणि कपाट चढवलं. जिन्यात नुसता गोंधळ. आमच्यासारखी अकरा घरं आज येत होती, कुणाची गादी, कुणाचा स्टोव्ह, एका म्हातारबाबांनी तर खुर्ची प्रत्येक मजल्यावर मांडायची, बसायचं, मग पुढच्या मजल्यावर न्यायची. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि सगळे सगळ्यांना सूचना देत होते. तिसऱ्या मजल्यावर एका बाईने न मागता आम्हाला सरबत दिलं. ती म्हणाली, "मार्चमध्ये त्या संध्याकाळी मी तुमच्या शेजारीच उभी होते." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण ती हसत होती. म्हणाली, "आता खरंच भरतेय."

मशीन मात्र ताईंनी कुणाला उचलू दिलं नाही. एका बाजूने त्या, एका बाजूने मी. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे ताईंचा गुडघा अडला. मशीन पायरीवर टेकवलं, आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलो. वरखाली माणसं, हाका, आदळआपट. आणि मला राहवलं नाही.

"ताई, एकदा शिव्या तरी घाला मला. तोंडात मारा. पण हे असं गप्प राहू नका."

ताईंनी पदराने मान पुसली. "गप्प कुठे? विचार करत होते. माझा विचार हळू चालतो, तुला माहीत आहे."

"मग झाला का?"

"झाला." त्या माझ्याकडे बघून बोलल्या, अगदी माप सांगतात त्या आवाजात. "घर तुझ्यामुळे गेलं. रोज डोकं खाल्लंस. मेंढी तू होतीसच, मलाही केलंस. हे मी एकदाच बोलणार."

मी रडायला लागले. पण खरं सांगू? दोन महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"ऐक, झालं नाही अजून," ताई म्हणाल्या. "सही करायच्या आदल्या संध्याकाळी मी इथे आले होते. एकटी. रस्त्यावर उभी राहिले. मला माहीत होतं गं आत काय आहे. कोरडा नळ मीही बघितला होता. सुलटी बाजू बाहेर का, तेही मला तेव्हाच कळलं होतं. तरी सात वाजले, दिवे लागले, आणि मला वाटलं, इतक्या घरांत कुणी ना कुणी असणारच. एखाद्या तरी खोलीत जेवण चाललं असेल. बघता बघता मला ते दिसायलाच लागलं. आणि वाटलं, आपणही तिथेच असावं. दोन खोल्यांत एकटीने किती वर्षं काढली, तुला काय माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं. रोज त्यांच्या शेजारी बसत होते आणि माहीत नव्हतं.

"म्हणजे सही माझी होती," ताई म्हणाल्या. "आपल्या धंद्यात फायदा अर्धा अर्धा करतो ना? मग हेही अर्धं अर्धं. अर्धं तुझं, अर्धं माझं. पुरे झालं आता. तुझं रडणं नळ सोडला तरी भिंतीतून ऐकू येतं, झोप होत नाही."

मी डोळे पुसले. विचारलं, "माझ्या अर्ध्यात काय करायचं?"

"पाणी भरायचं. माझ्याने जिना होत नाही. रोज सकाळी दोन कॅन आणायचे, ओतायचे, आणि मग दहाच्या ठोक्याला मशीनवर बसायचं. दुकान आता इथेच. उशीर चालणार नाही."

"किती दिवस?"

"लिफ्ट चालू होईपर्यंत."

ती कधी चालू होणार हे दोघींनाही माहीत नव्हतं. मला हसू फुटलं, मग ताईंनाही. वरून हे ओरडले, काय झालं, मशीन पडलं का? आम्ही उठलो आणि उचललं.

संध्याकाळी निघताना ताईंनी दार लावून घेतलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी तो ऐकत जिन्यात उभीच राहिले.

९ नोव्हेंबर

आज चार कॅन नेले. ताई म्हणाल्या, दोन सांगितले होते, उतावीळपणा गेला नाही अजून. मी म्हटलं, दोन तुमचे, आणि दोन त्या खुर्चीवाल्या म्हातारबाबांचे, ते पाचव्यावर राहतात. खांदे भरून आलेत, पेन धरवत नाही. पण जाताना डोक्यात एक आलंय. अकरा घरं आहेत, पाणी सगळ्यांनाच लागतं. दोरी आणि कप्पी लावून कॅन गॅलरीतून वर ओढता येतील! ह्यांच्या डेपोत कप्पी असणारच. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आधी उंची मोज. दोनदा."

उद्या जाऊन मोजणार आहे.